आजोबांच्या वस्तऱ्यासाठी कोणता दगड घ्यावा?

विचारणा अशी आली आहे: आजोबांच्या पेटीत जर्मनीतल्या सोलिंगेनचा जुना वस्तरा सापडला, पातं शाबूत दिसतंय, स्वतःच्या दाढीसाठी तो वापरात आणायचा आहे. दहा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. कुणी सांगतं १२००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा नंबर; नंबर मोठा तितके कण बारीक) जपानी दगड घ्या, कुणी सांगतं एकदाच बेल्जियमचा नैसर्गिक दगड घेऊन टाका, आयुष्यभर बघायला नको. नेमकं काय घ्यावं?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. १२००० चा दगड आत्ता घेऊ नका, बेल्जियमचाही नको. पहिला पैसा १००० ग्रिटच्या चांगल्या दगडावर घाला, दुसरा तो दगड सपाट ठेवण्याच्या सोयीवर आणि तिसरा चामड्याच्या पट्ट्यावर. जे उरेल त्यात ४००० आणि ८००० असा दोन बाजूंचा एक दगड येतो. एवढ्यावर गालाला त्रास न देणारी धार लागते. त्यापुढचे सगळे दगड धार आणखी मऊ करण्यासाठी आहेत, धार आणण्यासाठी नाहीत.

आमच्या घरात चार पिढ्या हाच धंदा. आजोबा कोरेगाव तालुक्यात बलुत्यावर गाव सांभाळायचे. त्यांच्या धोकटीत एकच दगड होता, तळहाताएवढा, काळपट हिरवा, मधे किंचित खोलगट झालेला. त्यावर साबणाचा फेस घ्यायचे, आठ-दहा हात मारायचे, मग वस्तरा स्वतःच्या तळहातावर उलटसुलट फिरवायचे आणि लगेच समोरच्याची दाढी. एका दगडावर सगळं आयुष्य निघालं, हे खरं. पण त्यांनी वस्तरा बोथट कधी होऊच दिला नव्हता. रोज वापर, रोज थोडं निसणं, त्यामुळे धारेचा पाया कायम तयार असायचा. तुमचा वस्तरा तीस-चाळीस वर्षं पेटीत पडून आहे. त्याचा पाया आधी नव्याने घालायचा आहे, आणि ते काम बारीक दगडाने होत नाही.

दगडाकडे जाण्याआधी पातं बघा. मुठीजवळ ‘सोलिंगेन’ असा ठसा असला तर पोलाद बहुधा चांगलंच असणार. १९३८ पासून जर्मनीत त्या भागाबाहेर बनलेल्या पात्यावर हे नाव घालायला कायद्याने मनाई आहे. पण ठशापेक्षा धारेलगतचे दोन-तीन मिलिमीटर महत्त्वाचे. जवाहिऱ्याकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उन्हात बघा. पाठीवर किंवा पात्याच्या मधोमध गंजाचे काळे डाग असतील तर काही बिघडत नाही. धारेलगत गंजाने टोचे पडले असतील, ज्याला आम्ही कीड लागली म्हणतो, तर कितीही निसा, धार त्या टोच्यापर्यंत पोचली की तिथे तुटते. अशा पात्याची आधी कीड संपेपर्यंत झीज करावी लागते आणि ते काम शिकाऊ हाताचं नाही. तडा गेल्याची बारीक आडवी रेघ दिसली तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवा, गालाला लावू नका.

आता वस्तऱ्याची रचना समजून घ्या, कारण दगडाची निवड तिथूनच ठरते. विळी किंवा सुरीला धार लावताना कोन आपला हात ठरवतो. वस्तऱ्यात कोन पाठ ठरवते. वस्तरा दगडावर आडवा, पूर्ण टेकवून ठेवायचा. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. साधारण १९ मिलिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ ५.३ मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून कोन १६ अंशांच्या आसपास येतो. घडवणाऱ्याने तो कोन पात्यातच बसवून दिलेला असतो. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इन्सुलेशन टेपचा एक थर लावतात, त्याने कोन जेमतेम एका अंशाने वाढतो. नव्याने शिकणाऱ्याने टेप जरूर लावावी, दर दगडाला जुनी काढून नवी, आणि एकदा टेपवर सुरुवात केली की शेवटच्या दगडापर्यंत टेपशिवाय घासू नये. मधेच टेप सोडून दिली तर धार दगडाला लागतच नाही.

पण याच रचनेमुळे दगड सपाट नसेल तर वस्तऱ्याला दुसरा आधार राहत नाही. सुरी खोलगट दगडावर निभावून जाते. वस्तरा नाही. म्हणून सपाटीचा खर्च मी दगडाच्या बरोबरीने धरतो. काचवाल्याकडून दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचा वहीएवढा तुकडा कडा घासून घ्या. त्यावर पाणी शिंपडून ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि तो पेपरवर घासा. सगळ्या चौकटी एकदम पुसल्या गेल्या तर दगड सपाट. मधल्या रेघा राहिल्या तर मधे खोलगट आहे, घासत राहा. नवा कोरा दगडही असा तपासल्याशिवाय वापरू नका, कारखान्यातून आलेला दगड सपाट असेलच असं नाही. दगडाच्या चारही कडा थोड्या मारून गोलसर करा, नाहीतर पात्याची टाच, म्हणजे मुठीकडचा कोपरा, तिथे अडकून कपची उडते. हिऱ्याची ४०० ग्रिटची पाटी परवडत असेल तर काम झटपट होतं, पण ती दगड सपाट करण्यासाठीच. वस्तरा तिच्यावर ठेवू नका. तिचे ओरखडे इतके खोल जातात की पुढचा अर्धा दिवस ते काढण्यातच जातो.

आता १००० चा दगड. यावर जास्त बोलतो, कारण माझ्याकडे ‘धार लागत नाही’ म्हणून येणाऱ्या वस्तऱ्यांपैकी बहुतेकांचा घोटाळा इथेच असतो, माणूस मात्र शेवटच्या दगडाला दोष देत असतो. मी स्वतः शिकताना हेच केलं. परदेशातून एक महागडा बारीक दगड मागवला आणि सात-आठ महिने त्यावर रात्री बसत होतो. पातं आरशासारखं चमकायचं आणि दाढीला लावलं की ओढायचं. शेवटी एका जुन्या कारागिराने माझ्या हातात मार्कर दिला.

तीच युक्ती तुम्हाला सांगतो. धारेच्या दोन्ही बाजूंना जे अरुंद उतार असतात, जेमतेम अर्ध्या-एक मिलिमीटरचे, त्यांवर काळ्या परमनंट मार्करने टाचेपासून टोकापर्यंत रंग द्या. ओल्या १००० च्या दगडावर वस्तरा सपाट टेकवून, हातात फक्त त्याचं वजन धरून, धार पुढे ठेवून एक हात मारा. उचला आणि भिंगातून बघा. माझ्या त्या वस्तऱ्यावर मधला भाग स्वच्छ झाला होता, टोकाला रंगाची केसाएवढी रेघ धारेवर उरली होती आणि टाचेकडचा सुमारे एक सेंटिमीटर जसाच्या तसा काळा होता. म्हणजे सात-आठ महिने त्या सेंटिमीटरला दगड शिवलाच नव्हता. रंगाची शेवटची रेघ अगदी धारेवरून जाईपर्यंत दोन्ही उतार एकमेकांना भेटलेले नसतात. ते भेटतात ती रेघ म्हणजे धार. ती नसेल तर पुढचे दगड फक्त उतार चमकवतात.

दोन्ही उतार भेटले हे ओळखायच्या आणखी दोन खुणा आहेत. धार आकाशाकडे करून दिव्याखाली धरा: जिथे चमकणारा ठिपका किंवा रेघ दिसते तिथे धार नाही, कारण खऱ्या धारेवर प्रकाश परतवायला जागाच नसते. दुसरी खूण पाण्याची. दगडावर पाण्याचा पातळ थर असताना हात मारला, की धार झाली असेल तिथे पाणी धारेपुढे ढकललं न जाता पात्यावर चढतं, टाचेपासून टोकापर्यंत एकसारखं. हे एकदा दिसलं की डोळा विसरत नाही. शेवटी हाताच्या केसांवर टाच, मधला भाग आणि टोक वेगवेगळं तपासा. १००० वरच तिन्ही जागी केस सहज निघाले पाहिजेत. निघत नसतील तर पुढच्या दगडाला हात लावू नका. या टप्प्याला वीस मिनिटं लागतील किंवा दोन रविवार. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने, जाड, पाचरीसारखे वस्तरे आणखी वेळ खातात. सोलिंगेनचं पातं बहुधा दोन्ही बाजूंनी खोलगट तासलेलं असतं, त्यात घासायला पोलाद कमी, म्हणून काम लवकर होतं.

१००० मध्ये कोणता घ्यावा? किंग, नानिवा, शाप्टन, तिन्ही जपानी कंपन्यांचे चांगले. किंगचा १००० पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवावा लागतो आणि मऊ असल्यामुळे लवकर खोलगट होतो, पण स्वस्त आहे आणि हाताला काय चाललंय ते छान कळतं. शाप्टनचा कुरोमाकू कडक, भिजवायची गरज नाही, पाणी शिंपडलं की सुरू. तो तासन्‌तास पाण्यात ठेवायचा नाही. मी शिकणाऱ्याला शाप्टन सांगतो, कारण त्याची सपाटी जास्त दिवस टिकते. किंगचा १०००/६००० जोडदगड खूप लोक घेतात. त्याचा १००० उत्तम, पण ६००० वर थांबलेली धार गालाला खरखरीत लागते, एवढं लक्षात ठेवून घ्या.

नंबरांबद्दल थोडं. ग्रिटचा नंबर सगळीकडे एकाच मापाचा नसतो. जपानी दगडावरचा १००० म्हणजे साधारण ११ ते १४ मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वॉटर पेपरवरचा युरोपीय पी-१००० साधारण १८ मायक्रॉनचा. जपानी ४००० सुमारे ३ मायक्रॉन आणि ८००० सुमारे १.२. म्हणून दोन वेगळ्या पद्धतींचे नंबर एकाच शिडीत बसवू नका. आणि हार्डवेअरच्या दुकानातला काळा, दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड विळी-कोयत्यासाठी आहे. वस्तरा त्यावर टेकवायचाच नाही.

मधल्या टप्प्यावर माझं फारसं म्हणणं नाही. नॉर्टनचा ४०००/८००० हा जोडदगड घ्या किंवा त्या तोडीचा दुसरा. ४००० वर १००० चे ओरखडे जाईपर्यंत, ८००० वर ४००० चे ओरखडे जाईपर्यंत. भिंगातून बघा आणि पुढे जा. दोन दगडांच्या मधे हात, वस्तरा आणि खालचं फडकं धुवायला विसरू नका. १००० चा एक कण ८००० वर आला तर धारेला दात पाडतो. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या फार स्वस्त जोडदगडांचा हाच धोका असतो: बारीक बाजूतही मधूनच जाड कण निघतो.

आता त्या नैसर्गिक दगडांकडे, कारण त्यांचं आकर्षण मला कळतं आणि माझ्या कपाटातही ते आहेत. बेल्जियमच्या आर्देनमधला पिवळसर कॉटिक्यूल हा माझा सगळ्यांत लाडका दगड. त्यात स्पेसार्टिन गार्नेटचे, म्हणजे तामड्याच्या जातीचे, अगदी बारीक स्फटिक भरलेले असतात, पाच ते पंधरा मायक्रॉनचे. आकार १००० च्या कणाएवढा असूनही धार इतकी मऊ येते, कारण हे स्फटिक बारा तोंडांचे, जवळजवळ गोल असतात आणि फार खोल ओरखडत नाहीत. त्याच्याबरोबर त्याच दगडाचा छोटा तुकडा मिळतो. सहाणेवर चंदन उगाळावं तसा तो मोठ्या दगडावर पाण्यात उगाळायचा, दुधाळ गंध तयार होतो आणि त्या गंधात दगड भराभर कापतो. मग थेंब थेंब पाणी घालत गंध पातळ करत न्यायचं, शेवटी स्वच्छ पाण्यावर संपवायचं. एका दगडावर सगळे टप्पे होतात. पण गंध कधी किती पातळ करायचं हे कुणी लिहून देऊ शकत नाही, दर दगडाचा स्वभाव वेगळा. वापरण्याजोग्या आकाराचा एक तुकडा तुमचं सगळं बजेट खाऊन टाकेल आणि शिकाऊ हातात गडबड कुठे होतेय हे कळणारही नाही. धार लागली की कशी वाटते हे एकदा हाताला माहीत झालं की मग घ्या, मनापासून सांगतो, आनंद मिळेल.

जर्मनीच्या थुरिंगियातले, एशर नावाच्या लेबलाचे दगड आता जुन्या बाजारातच मिळतात. खाणी बंद झाल्यामुळे संग्राहकांनी किमती चढवल्या आहेत. क्योटोजवळच्या नाकायामासारख्या खाणींतले जपानी दगड अप्रतिम, पण नकली मालही तितकाच. अमेरिकेतल्या आर्कान्सॉचा अर्धपारदर्शक किंवा काळा दगड जवळजवळ शुद्ध सिलिकाचा, फार सावकाश काम करणारा, तेलावर वापरतात. हाताशी असेल तर शेवटच्या टप्प्याला चांगला. चीनचा ‘१२००० ग्रिट’ म्हणून विकला जाणारा गडद नैसर्गिक दगड स्वस्तात मिळतो. त्याचा नंबर विक्रेत्याने दिलेला आहे. नैसर्गिक दगडाला ग्रिट नंबर नसतो. तो मंद आहे, शंभरेक हात मारायची तयारी असेल तर ८००० नंतर चालतो.

आपल्याकडचा कुठला दगड चालेल, हे मला गावोगावचे लोक विचारतात. ओट्याचा कडप्पा गुळगुळीत आणि काळा दिसतो म्हणून त्यावर वस्तरा घासणारे मी पाहिले आहेत. कडप्पा काय, शहाबादी फरशी काय, दोन्ही मुख्यतः चुनखडक; त्यातलं कॅल्साइट वस्तऱ्याच्या पोलादापेक्षा कितीतरी मऊ, ते पोलाद कापणार कसं? सह्याद्रीचा काळा पाषाण कडक आहे, पण लाव्हा थिजून झालेला, त्यातले स्फटिक लहानमोठे आणि विस्कळीत. निसण्याला लागतात एकसारखे बारीक कण. गाळ थरांनी साचून पुढे दाबला गेलेल्या पाटीच्या जातीच्या खडकांत असे कण मिळतात, म्हणून वस्तऱ्याचे नामांकित दगड बहुतेक तसल्या खडकांचे. घरची चंदनाची सहाण मात्र देवघरातच राहू द्या.

दगड घेण्याआधी आणखी एका वाटेचा विचार करा. तुमच्याकडे एकच वस्तरा आहे. जाणत्या माणसाकडून त्याला एकदा पायापासून धार लावून घ्या, आणि स्वतः फक्त ८००० चा किंवा त्याहून बारीक एकच दगड आणि पट्टा घ्या. रोज पट्टा मारलात तर तीन ते सहा महिन्यांतून एकदा त्या दगडावर पंधरा-वीस हलके हात पुरतात. किंवा लॅपिंग फिल्म घ्या: १२, ५, ३ आणि १ मायक्रॉनचे कागदासारखे पातळ पत्रे मिळतात, ते त्याच जाड काचेवर ओले करून चिकटवायचे. सपाट करायची भानगड नाही, कणांचं माप पक्कं, खर्च दगडांच्या मानाने थोडा. दोष इतकाच की फिल्म झिजते आणि दाब पडला तर फाटते. शिकायचंच असेल, हाताला ते काम जमवायचंच असेल, तर दगड. दाढी करायची एवढंच असेल, तर फिल्म पुरेल.

पट्ट्याबद्दल तडजोड नको. किमान पाच सेंटिमीटर रुंद, एकीकडे कापड, एकीकडे चामडं. आधी कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. इथे पाठ पुढे आणि धार मागे, दगडाच्या बरोबर उलट. वळवताना पातं पाठीवर फिरवायचं, धारेवर कधीच नाही. नव्या माणसाचा पट्टा पहिल्या आठवड्यात चिरतो तो इथेच. म्हणून पहिला पट्टा स्वस्त घ्या.

आणि वस्तरा फक्त तुमच्या गालासाठी. एचआयव्ही आणि काविळीच्या भीतीने नव्वदच्या दशकात आमच्या सलूनमधून असे वस्तरे गेले आणि अर्ध्या ब्लेडचे आले, ते योग्यच झालं. एकाचं पातं दुसऱ्याने वापरायचं नाही, घरातल्या घरातही नाही.

सुरुवात मार्करपासून करा. १००० वर पहिल्या हातानंतर टाच, मधला भाग आणि टोक इथे रंग कुठे उरला ते उजेडात फोटो काढून कळवा, दोन्ही बाजूंचे फोटो. टाचेकडे रंग उरत असेल तर पातं किंचित वाकलेलं असू शकतं. मग वस्तरा दगडावर सरळ न नेता तिरका, टाचेपासून टोकाकडे सरकवत न्यावा लागतो, आणि तेव्हा रुंद दगडापेक्षा चार-पाच सेंटिमीटरचा अरुंद दगड सोयीचा पडतो. तो अरुंद दगड घ्यायचा की नाही ते तुमचे फोटो बघून ठरवू. तोवर पात्याला खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल लावून कोरड्या फडक्यात ठेवा. पावसाळ्यात धारेवर गंज चढायला एक रात्र पुरते.